दर्भाचा कावळा

मालवण तालुक्यातल्या मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा दरवर्षी भरते, पण ती कधी भरणार हे कुठल्याही पंचांगात सापडत नाही. तिथी ठरलेली नाही, वार ठरलेला नाही. देवीचा कौल घ्यायचा, ती देईल तो दिवस धरायचा आणि मग तारीख जाहीर करायची, अशी रीत आहे. जत्रा दीड दिवसाची. तिला लोटणारी माणसे लाखांच्या हिशेबात मोजतात, आणि त्यांतले कितीतरी मुंबई-ठाण्याहून गावी येणारे चाकरमानी असतात. त्यांची रजा, कोकण रेल्वेचे आरक्षण, देवीची ओटी, सगळे त्या एका तारखेवर अडून असते. तारीख ठरवणे देवीकडे. ती कळवणे माणसांकडे. आणि कळवण्याचे काम दुय्यम समजू नये. जी तारीख पंचांगात नाही ती ज्याला कळली नाही, त्याच्यापुरती जत्रा भरलीच नाही. किनाऱ्यावरच्या पुष्कळ गावांत देवाची कार्ये अशीच कौलावर ठरतात, आणि निम्मा गाव मुंबईत असल्यामुळे प्रत्येक वेळी निरोप धाडावा लागतो. पूर्वी हे काम पोस्टकार्डे करीत, गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्या करीत. आता व्हॉट्सॲप आहे, वर्तमानपत्र आहे आणि जिथे यादी मोठी, माणसे देशोदेशी पांगलेली, तिथे एकगठ्ठा सोडलेला ई-मेल आहे.

समजा, अशा एखाद्या गावच्या ग्रामस्थ मंडळाने यादीतल्या साऱ्या पत्त्यांवर मेल सोडला. तासाभरात त्यांतले काही परत येऊ लागतात. संगणकवाले याला बाऊन्स म्हणतात. वर न कळणाऱ्या इंग्रजीत चारसहा ओळी, एखादा तीन आकडी क्रमांक आणि खाली आपलाच मजकूर. चिटणीस मंडळींचे पुढचे वागणे सहसा दोन तऱ्हांचे. काही जण परत आलेले मेल न वाचता पुसून टाकतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच यादीवर मेल सोडतात. काही जण मेल पाठवणारी सेवा विकत घेतात. ती सेवा परत आलेले पत्ते आपोआप गाळते आणि कुणाचे नाव गळाले हे कुणालाच कळत नाही. पहिल्या तऱ्हेला आपण आळस म्हणतो आणि दुसरीला शिस्त. माझ्या मते दोन्हींत चूक एकच आहे. परत आलेला निरोप हे ज्ञान आहे, आणि ज्ञान झाल्यावर माणूस पूर्वीइतका मोकळा राहत नाही, एवढी साधी गोष्ट दोघेही विसरतात. कर्तव्य पाठवण्यापाशी संपते की पोचण्यापाशी, हा प्रश्न मुळात धर्माचा आहे. संगणक त्यात अलीकडे आला.

आधी त्या तीन आकडी क्रमांकाकडे पाहू. ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा द्यायचा याची नियमावली जॉन पोस्टेल या अमेरिकन तंत्रज्ञाने १९८२ साली लिहिली. पुढे सुधारणा झाल्या, पण सांगाडा तोच आहे. घेणारे यंत्र प्रत्येक वेळी उत्तर देते. उत्तराचा पहिला आकडा दोन असेल तर स्वीकारले, चार असेल तर आत्ता जमत नाही, पाच असेल तर कधीच जमणार नाही. २५०, ४५०, ५५०. सिंधुदुर्गातल्या माणसाला या त्रयीची नवलाई वाटू नये. देवाला कौल लावताना गुरव ठरल्या जागी कळे किंवा पाने लावतो, मानकरी गाऱ्हाणे घालतो. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. आणि काहीच पडले नाही तर? तर कुणी देवाचा होकार गृहीत धरून नारळ फोडायला घेत नाही. थांबतात, पुन्हा गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाण्यातही प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तेव्हा ती मागणी पुरी होते. सांगितले, एवढ्यावर सांगणे पुरे होत नाही हे या रीतीच्या मुळाशी आहे. तीच माणसे मंडळाच्या कचेरीत बसली की ‘मेल टाकलाय’ म्हणून मोकळी होतात, हे मला चमत्कारिक वाटते.

चार आणि पाच यांतला भेद तर इथल्या गावांनी रीतीतच बांधून ठेवला आहे. आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की सारा गाव, गुरेढोरे आणि कोंबड्यांसकट, वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री रानात झोपड्या घालून राहतो. चिंदर, वायंगणी या गावांतही ही प्रथा आहे. त्या तीन दिवसांत कुणी गावात येऊन प्रत्येक दाराला हाक मारली तर एकाही घरातून ओ येणार नाही. म्हणून आचरे गाव उठले असे कुणी म्हणेल का? घर आहे, माणूस आहे, फक्त आत्ता घरात माणूस नाही. भरलेली मेलपेटी, बंद पडलेला सर्व्हर, अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम ‘नंतर या’ म्हणणारा सर्व्हर, हे सगळे सहसा चारच्या घरातले. नियमावली म्हणते की असा मेल लगेच टाकून देऊ नका, अर्ध्या तासाचे तरी अंतर ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करा, आणि हार मानण्याआधी निदान चारपाच दिवस जाऊ द्या. म्हणजे गावपळणीत सोडलेला मेलसुद्धा, तांत्रिक दृष्ट्या, परतीचा कौल होऊन माणसे घरी येईपर्यंत दाराशी तग धरून राहील. हा योगायोग आहे, त्यातून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण जी सेवा एका चारच्या उत्तरावर नाव गाळते, ती आपल्याच शास्त्राचा नियम मोडते, एवढे मात्र सिद्ध आहे.

खरा पेच पाचच्या घरात आहे. ५५० आला, शेजारी ५.१.१ लिहिले आहे. अर्थ, अशी मेलपेटी या ठिकाणी नाही. आता आपल्याला नेमके काय कळले? इथे मीमांसकांची मदत होते. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले: वस्तू न दिसणे हेही ती नसल्याचे ज्ञान देऊ शकते. पण त्याला अट मोठी कडक. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात समोरची जमीन दिसते आहे आणि घडा दिसत नाही, तेव्हा घडा नाही असे म्हणता येते. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. आपल्या मंडळाने या अटीवर स्वतःला तपासावे. मेल परत आला नाही, म्हणजे पोचला, हा निष्कर्ष आपण रोज काढतो. पण तो अंधारातला आहे. घेणारे यंत्र मेल स्वीकारून स्पॅमच्या कप्प्यात टाकू शकते, काही वेळा स्वीकारून गुपचूप फेकूनही देते. बाऊन्स न येणे हे पोचल्याचे प्रमाण होत नाही. उलट बाऊन्स येतो तेव्हा आपल्या हाती अनुपलब्धीहून भक्कम असे काही येते. ती साक्ष असते, दारावरच्या साक्षीदाराची. मात्र साक्षीदाराला जेवढे ठाऊक तेवढीच त्याची साक्ष. सर्व्हरला मेलपेटी ठाऊक आहे, माणूस ठाऊक नाही. ‘ही पेटी नाही’ यातून ‘हा माणूस नाही’ काढणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी न बोललेले वाक्य घालणे. एखाद्याचा पत्ता व्हीएसएनएलच्या काळातला असतो. एखाद्याचा नोकरीतला, आणि निवृत्तीबरोबर कंपनीने तो बंद केलेला. गूगलने तर २०२३ मध्ये जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकू, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून ते सुरूही केले. डोळ्यांनी अधू झालेला म्हातारा दोन वर्षे संगणकाला बसला नाही, एवढ्यावर त्याची पेटी जाऊ शकते. तो मात्र डोंबिवलीत गॅलरीत बसून जत्रेची तारीख कुणी सांगते का याची वाट पाहत असेल.

पाठवलेले पोचते का, हा वाद आपल्याकडे ई-मेलच्या फार आधी झाला आहे, तो श्राद्धावरून. चार्वाकांचा आक्षेप माधवाचार्यांनी चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त नोंदवून ठेवला आहे. मतितार्थ असा, की इथे वाढलेले अन्न जर परलोकीच्या माणसाला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यावी? घरी पान वाढले की त्याचे पोट भरायला हवे. आक्षेप बिनतोड आहे, आणि पुराणांनी दिलेले उत्तर त्याच पातळीवरचे नाही. नाव, गोत्र आणि मंत्र हे अन्नाला पितर जिथे आणि ज्या योनीत असेल तिथे त्याला मानवेल अशा रूपात नेतात, असे मत्स्यपुराण सांगते. म्हणजे पत्ता चुकला तरी चालेल, नाव खरे हवे. हे श्रद्धेचे उत्तर आहे, आणि ज्याच्याकडून उलट टपाल येण्याची सोयच नाही त्याच्या बाबतीत श्रद्धेखेरीज दुसरे उत्तर असूही शकत नाही. पण लोकांचे मन तेवढ्याने भरले नाही, हे लक्षात घ्या. दहाव्या दिवशी पिंड ठेवून माणसे कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला तर पावले. नाही शिवला तर मृताची कुठली इच्छा राहिली असेल याचा शोध सुरू होतो. कुणी मुलीच्या लग्नाचा शब्द देतो, कुणी कर्ज फेडण्याचा. अगदीच उपाय हरला की दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी उरकतात. दर्भाच्या कावळ्याला खरा कावळा समजण्याइतके मात्र कुणी भोळे नसते. परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या मनात ती चुटपुट राहते. एकगठ्ठा मेल सोडणाऱ्या सेवांच्या अहवालात ‘डिलिव्हर्ड’ असा एक रकाना असतो. त्यातला आकडा एवढेच सांगतो की पलीकडच्या यंत्राने मेल नाकारला नाही. हा दर्भाचा कावळा आहे, आणि तो पाहून मंडळाच्या सभेत टाळ्या पडतात. चुटपुटसुद्धा उरत नाही.

यावर पहिला आक्षेप भगवद्गीतेच्या आधाराने येईल. कर्म आपले, फळ आपले नाही. निरोप पाठवला, पोचला की नाही याची चिंता वाहणे म्हणजे फळाची आसक्तीच. हा युक्तिवाद मला आळसाची सोय वाटतो. निरोप ऐकून माणूस जत्रेला येईल की नाही, वर्गणी देईल की नाही, हे फळ. त्यावर आपला अधिकार नाही हे मान्य. पण पोचणे हा निरोपाच्या कर्माचाच शेवटचा भाग आहे. विहिरीत सोडलेला पोहरा पाण्याला लागलाच नाही, तर ‘पाणी शेंदायचे कर्म मी केले, फळ देवाधीन’ असे कुणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या २७ व्या कलमानुसार, नीट पत्ता घालून, टपालखर्च भरून रजिस्टरने पाठवलेली नोटीस, उलट काही सिद्ध होत नाही तोवर, बजावली गेली असे धरतात. मग देवस्थानाने यापेक्षा जास्त का करावे? कायद्याचे हे गृहीतक नोटीस चुकवणाऱ्या लबाडाला आळा घालण्यासाठी आहे, आणि त्याच कलमात उलट पुराव्याला वाव ठेवला आहे. परत आलेला मेल हा नेमका उलट पुरावा. कायदा ज्याच्याशी भांडतो आहे त्याच्यापुरता विचार करतो. गावकीला आपल्या माणसांशी भांडायचे नाही.

तिसरा आक्षेप जास्त नाजूक, कारण तो श्रद्धेच्या बोलीत येतो. ज्याला देवी बोलावते तो येतोच. तारीख त्याच्या कानावर पडल्यावाचून राहत नाही. हे वाक्य खोटे आहे असे मी म्हणणार नाही. मी एवढेच विचारतो की ते म्हणण्याचा हक्क कुणाचा? अनेक अडचणी ओलांडून रांगेत उभा राहिलेला माणूस ‘देवीनेच बोलावले’ म्हणतो, तेव्हा ती त्याची कृतज्ञता असते. तेच वाक्य व्यवस्थापकाने न आलेल्या माणसाबद्दल म्हटले, तर त्याने आपला गलथानपणा देवीच्या नावावर टाकला असा त्याचा अर्थ होतो.

आता मेलच्या जाणकारांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्यांचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे. मेलेले पत्ते यादीत ठेवणे हा भाबडेपणा निरुपद्रवी नाही. नसलेल्या पत्त्यांवर सतत मेल सोडणारा, मेलसेवांच्या दृष्टीने, विकत घेतलेल्या यादीवर जाहिराती फेकणाऱ्यासारखा दिसतो. त्याची पत घसरते आणि मग त्याचे बरोबर पत्त्यांवरचे मेलही स्पॅममध्ये पडू लागतात. काही सेवा सोडून दिलेले पत्ते बराच काळ नाकारत राहतात आणि नंतर सापळा म्हणून पुन्हा चालू करतात. नाकारलेले असतानाही जो पाठवत राहिला तो आपोआप उघडा पडतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने दिवसाला पाच हजारांवर मेल सोडणाऱ्यांसाठी ओळख पटवण्याचे नियम कडक केले आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवण्याची अट घातली. याहूनेही तशीच पावले उचलली. तेव्हा ‘आपल्या गावचा जुना माणूस, नाव कसे काढायचे’ म्हणून पत्ता ठेवणारा चिटणीस त्या जुन्या माणसाला काही देत नाही आणि बाकीच्या शेकडो लोकांचा निरोप मात्र बुडवतो. पत्ता काढलाच पाहिजे, पहिल्याच पाचच्या उत्तराला. फक्त साक्ष खरी आहे ना, एवढे पाहून घ्यावे. पाचच्या घरातही ‘तुमचा मेल आम्हाला संशयास्पद वाटला’ असे उत्तर असते आणि त्याचा पेटी असण्यानसण्याशी संबंध नसतो. दुरुस्ती तिथे आपल्यात करायची असते, यादीत नाही.

माझा वाद पत्ता काढण्याशी नाही, पत्त्याबरोबर नाव काढण्याशी आहे. दुकानदाराने दोन्ही एकदम काढले तर बिघडत नाही. त्याचे गिऱ्हाइकाशी नाते पत्त्यापुरतेच असते. देवस्थानाचे तसे नाही. इथे मान, पाळी आणि हक्क घराण्याला असतात. पिढ्या मुंबईत गेल्या म्हणून घराण्याचा मान बुडत नाही, घर बंद असले तरी वाडीत ते त्याच नावाने ओळखले जाते. जी गावकी बंद घराला घर मानते, तिच्या संगणकातल्या यादीने बंद पेटीला माणूस संपला असे समजणे ही विसंगती आहे. यादीतली आणखी एक गोम अशाच वेळी उघडी पडते. बहुतेक याद्या कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे पुरुषाच्या, नावाने केलेल्या. त्याचा एक पत्ता गेला की पूर्ण घर गळते, कारण बायकोचे, सुनेचे नाव त्यात कधी नव्हतेच. माहेरवाशिणी तर बाऊन्स होण्याइतक्याही यादीत नसतात. ओटी भरायला सगळ्यांत आधी निघतात त्या.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. माणसाला विसरले जाण्याचाही हक्क आहे. गाव सोडणारे सगळेच पोटासाठी सोडत नाहीत. कुणी जातीच्या जाचाला कंटाळून जातो, कुणी भाऊबंदकीला, कुणी मनाजोगे लग्न करून जातो. त्यांना गावकीने पुन्हा हुडकून काढावे हे त्यांना नको असू शकते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क मान्य करतो. हे सगळे कबूल. पण इथे दोन उत्तरांतला फरक पाळावा. ‘मला पाठवू नका’ हे माणूस बोलतो. ते अंतिम, त्यावर कौल लावायचा नाही, कारण विचारायचे नाही. बाऊन्स यंत्र बोलते. बाऊन्सच्या मेलला परतीचा पत्ताच नसतो, तो रकाना नियमाने रिकामा ठेवतात. नाहीतर दोन यंत्रे एकमेकांना ‘पोचले नाही’ कळवत कायमची बसतील. नैयायिक ज्याला अनवस्था म्हणतात तो दोष असा टाळला आहे. पण त्याचा परिणाम असा, की यंत्रांची साखळी तिथे संपते आणि पुढचा प्रश्न विचारायला माणूसच उरतो. माणसाने तो एकदा विचारावा, ओळखीच्याकरवी विचारावा, आणि नको म्हटले तर पुन्हा विचारू नये.

म्हणून मंडळांना आणि देवस्थानांना एवढेच सांगणे आहे. या वर्षी निरोप सोडाल, तेव्हा परत आलेल्या मेलसाठी एक वही घाला. पत्ते यादीतून काढा, नावे वहीत उतरवा, पत्ते न देता फक्त नावे वाडीवाडीतल्या एकेका जाणत्या माणसाकडे द्या आणि ‘यांना तारीख कळवा, हवा असेल तर नवा पत्ता विचारून घ्या, आणि घरातल्या बायकांचाही घ्या’ असे सांगा. ज्यांनी नको म्हटले त्यांच्या नावावर रेघ ओढा. वार्षिक सभेत किती मेल पाठवले हा आकडा वाचण्याआधी त्या वहीतली किती नावे अजून उघडी आहेत ते वाचा.